पडद्यावर पाय कुणाचे?

अपंग माणसाची भूमिका अपंग कलाकारानेच करावी का, हा वाद आपल्याकडे आता कुठे सुरू झालाय. मला त्यावर जे म्हणायचंय ते टॉड ब्राउनिंग या जुन्या हॉरर दिग्दर्शकाच्या दोन सीनमध्ये सापडतं, आणि गंमत म्हणजे दोन्ही सीन सिगरेट ओढण्याचे आहेत, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

पहिला १९२७ च्या 'द अननोन' मधला. मूकपट. लॉन चेनी, म्हणजे त्या काळचा हॉलिवूडचा केवढा मोठा स्टार, सर्कशीत पायांनी सुऱ्या फेकणाऱ्या बिनहाताच्या अलोन्झोचं काम करतोय. अलोन्झोला खरं तर हात आहेत, पण तो गुन्हेगार आहे, एका हाताला दोन अंगठे आहेत आणि ते दिसले की पकडला जाईल, म्हणून हात आवळून कपड्यांखाली लपवलेत. ज्या नॅननवर त्याचं प्रेम आहे (जोन क्रॉफर्ड) तिला पुरुषांचे हातच सहन होत नाहीत. तर एका सीनमध्ये अलोन्झो त्याच्या कोजो नावाच्या साथीदारासोबत खोलीत बसलाय, हात सोडलेले आहेत, बघायला बाहेरचं कोणी नाही, आणि तरी विचाराच्या तंद्रीत तो पायाच्या बोटांत सिगरेट धरून ओढतोय. कोजोला हसू येतं, अरे तुला हात आहेत की! अलोन्झो आपल्या हातांकडे बघतो, पायाकडे बघतो, आणि त्या क्षणी त्याच्या डोक्यात येतं की हे हात खरंच कापून टाकले तर?

मूकपटातली दिग्दर्शकाची ताकद काय असते ते मी कोणालाही या एका सीनवरून दाखवीन. डायलॉग नाही, भूत नाही, अंधाऱ्या जिन्यावरची सावली नाही. एक माणूस सवयीने पायाने सिगरेट ओढतोय आणि बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण तो पुढे काय करणार ते आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर आधी कळतं.

फक्त ते पाय चेनीचे नाहीत.

ते पॉल डेस्म्यूकचे आहेत. डेस्म्यूकला खरोखर हात नव्हते आणि तो खरोखर सगळं पायांनी करायचा. पायांची कसरत असलेल्या शॉटमध्ये चेनीचं धड आणि चेहरा आणि डेस्म्यूकचे पाय अशी जोडणी केलेली आहे, ती इतकी बेमालूम आहे की पुढे कित्येक वर्षं लोक सांगत राहिले, चेनीने पायांनी सगळं शिकून घेतलं होतं, काय ते डेडिकेशन! श्रेयनामावलीत डेस्म्यूकचं नाव नाही. म्हणजे ज्याच्या अंगात ती गोष्ट खरी होती तो कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर वाकून बसला आणि ज्याच्या अंगात नव्हती त्याच्या चेहऱ्यावर टाळ्या पडल्या.

दुसरा सीन पाच वर्षांनंतरचा. १९३२, 'द अननोन' बनवणाऱ्या एमजीएम स्टुडिओचाच 'फ्रीक्स' (सर्कशीत 'विचित्र' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या माणसांची गोष्ट), बोलपट. प्रिन्स रँडियन नावाच्या कलाकाराला हातही नाहीत आणि पायही नाहीत, अंगात एक विणलेला घट्ट कपडा. ब्रिटिश गयानातला जन्म, अमेरिकेतल्या तंबूंवर त्याची जाहिरात 'हिंदू' म्हणून व्हायची, म्हणजे बहुधा ऊसमळ्यांवर नेलेल्या आपल्याच लोकांची ही कुठली तरी फांदी. तर हा रँडियन ओठांनी काडेपेटी उघडतो, काडी काढतो, पेटवतो, तोंडातली सिगरेट शिलगावतो. शेजारी सर्कशीतला एक धडधाकट गडी उभा राहून आपल्याच खेळाच्या बढाया मारतोय, त्याचं या सगळ्याकडे लक्षसुद्धा नाही. कॅमेरा थांबतो. घाई नाही, दचकवणारं म्युझिक नाही, बघा बघा करत चेहऱ्यावर झूम नाही. सिगरेट पेटेपर्यंत थांबतो, बस्स. पहिल्यांदा बघताना सुरुवातीला आपण 'अरे बापरे' करत बघतो आणि काडी पेटेपर्यंत आपण 'वाऱ्याने विझू नये रे' इथवर आलेलो असतो. माझं तरी असं झालं. काही सेकंदात प्रेक्षकाला एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायचं आणि त्यासाठी फक्त थांबायचं, याला मी दिग्दर्शन म्हणतो.

आता माझा मुद्दा. १९२७ ते १९३२ या पाच वर्षांत ब्राउनिंग एका सिगरेटीवरून दुसऱ्या सिगरेटीवर आला. आपण आपल्या सिनेमात, सिरियलमध्ये, नाटकात अजून पहिल्याच सिगरेटीवर आहोत. स्टार घ्यायचा, त्याला व्हीलचेअरमध्ये बसवायचं किंवा लंगडायला शिकवायचं किंवा कॉम्प्युटरवर त्याची उंची कमी करायची, मग प्रमोशनच्या मुलाखतीत त्याने सांगायचं की मी तीन महिने अमुक संस्थेत जाऊन निरीक्षण केलं, आणि मग अवॉर्ड. निरीक्षण ज्याचं केलं तो डेस्म्यूक कुठे असतो? त्याचं नाव शेवटी पळत्या अक्षरांत 'आभार' मध्ये असलं तर असतं.

हे मी बाहेर उभा राहून बोलत नाहीये. कॉलेजला असताना आमची एकांकिका होती, त्यात मुख्य भूमिका पोलिओ झालेल्या मुलाची. आमच्या ग्रुपमध्ये एक मित्र होता ज्याला लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा. तो म्युझिक ऑपरेट करायचा. आम्ही ती भूमिका दिली आमच्यातल्या सगळ्यात 'चांगल्या' नटाला, आणि या मित्राला सांगितलं की त्याला जरा चालायला शिकव. त्याने शिकवलं. महिनाभर तालमीत रोज. कॅलिपरचं लॉक गुडघ्याशी कसं सोडतात, बसताना आधी हात कुठे टेकतो, जिना उतरताना कुठला पाय आधी, घाईत असलं की कंबर कशी फेकली जाते, सगळं. एकदा तो म्हणाला, 'तू लंगडताना तोंड वाकडं का करतोस, मला दुखत नाही रे चालताना'. आम्ही हसलो आणि तोंड वाकडंच ठेवलं, कारण मागच्या रांगेला कळलं पाहिजे. नटाला अभिनयाचं प्रथम मिळालं. परीक्षक म्हणाले काय बारकाईने पकडलंय. मित्र विंगेत टेप रिवाइंड करत होता. त्याने तक्रार केली नाही, आणि आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही की ही भूमिका तो करू शकला असता. नाकारणं दूरच, विचारच आला नाही. मला वाटतं अन्याय बहुतेक वेळा असाच होतो, कोणी वाईट हेतूने काही करतच नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहितीये. अभिनय म्हणजेच जे आपण नाही ते होणं, मग खुन्याची भूमिका खुन्यानेच करायची का? ऐकायला बरं वाटतं पण हे उत्तर तेव्हा खरं ठरेल जेव्हा दार दोन्ही बाजूंनी उघडं असेल. कॅलिपरवाल्या मुलाला वकील, प्रियकर, इन्स्पेक्टर, व्हिलन अशा भूमिका मिळत असत्या तर धडधाकट नटाने लंगड्याचं काम केल्याचं मला काही वाटलं नसतं. पण त्याला वकिलाची भूमिकाही मिळत नाही कारण 'कथेत तसं नाहीये', आणि लंगड्याचीही मिळत नाही कारण 'अभिनय कमी पडेल', मग त्याने करायचं काय? २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग माणसं मोजली होती, आणि तेव्हा कायद्यात सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, म्हणजे खरा आकडा त्याहून मोठाच असणार. एवढ्या माणसांत अभिनय येणारे नाहीत हे मी मानायला तयार नाही. अभिनय शिकायला जागा लागते, तालीम लागते, आणि आपल्या किती नाट्यगृहांत स्टेजवर जायला रॅम्प आहे, मेकअप रूमच्या टॉयलेटमध्ये व्हीलचेअर वळते, हे कोणीही आपल्या गावात जाऊन बघावं.

(मी 'अपंग' लिहितोय, 'दिव्यांग' नाही. सरकारी कागदावर दिव्यांग आहे आणि कोणाला तो शब्द आवडत असेल तर मी त्याच्याशी बोलताना तोच वापरेन. पण माझा हा मित्र म्हणतो, माझ्या पायात दिव्य असं काही नाही, कॅलिपर आहे.)

पण नुसतं 'अपंग कलाकार घ्या' म्हणून भागत नाही, आणि इथे 'फ्रीक्स' कडे नीट बघायला लागतं. कारण घेतलं कोणाला हा अर्धा प्रश्न आहे, कॅमेरा कुठे ठेवला हा उरलेला अर्धा.

ब्राउनिंग स्वतः सर्कशीतला माणूस. १८८० साली केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये जन्म, पोरवयातच घरातून पळून सर्कशीत गेला, स्वतःला जिवंत गाडून घेण्याचा खेळ करायचा, 'जिवंत प्रेत' म्हणून त्याचीच जाहिरात व्हायची. म्हणजे लोक पैसे देऊन आपल्याकडे बघतात तेव्हा आतून कसं वाटतं हे त्याला ऐकून माहीत नव्हतं. १९३१ ला त्याने 'ड्रॅक्युला' केला, तुफान चालला, आणि त्या यशाच्या जोरावर त्याला 'फ्रीक्स' करता आला. यातली माणसं खरी होती. जुळ्या जोडलेल्या बहिणी डेझी आणि व्हायोलेट हिल्टन, कमरेखाली शरीर नसलेला आणि हातांवर चालणारा जॉनी एक, लहान डोक्याचा श्लिट्झी, बिनहाताची फ्रान्सिस ओ'कॉनर. हान्स आणि फ्रीडा ही बुटक्या प्रेमिकांची जोडी हॅरी आणि डेझी अर्ल्स या सख्ख्या भावाबहिणीने केलीय.

आणि पहिला जवळपास तासभर ब्राउनिंग काय दाखवतो? संसार. फ्रान्सिस पायाने काटा धरून जेवतेय आणि जेवता जेवता शेजारच्याशी गप्पा चालल्यात, पायाबद्दल नाही, सर्कशीतल्या झुल्यावर खेळ करणाऱ्या धडधाकट, देखण्या क्लिओपात्राबद्दल, ती हान्सला कशी नादाला लावतेय त्याबद्दल. एका जुळीचं लग्न ठरलंय आणि होणाऱ्या नवऱ्याचं मेहुणीशी पटत नाही. वाळत घातलेले कपडे. हान्स आणि फ्रीडा बोलतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर खाली आलेला असतो, त्यामुळे त्या चौकटीत ती दोघं बुटकी राहतच नाहीत, ती फक्त एक भांडण होऊ घातलेली जोडी असते. आणि मग क्लिओपात्रा येते, मुद्दाम अंगावरची केप खाली पाडते, हान्स ती उचलतो, आणि त्याला खांद्यावर घालता यावी म्हणून ती वाकते. तो विचारतो, तू मला हसतेयस का? हे बोलपटाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतलं, हॅरी अर्ल्सचा आवाज बारीक, उच्चार जर्मन वळणाचे, काही वाक्यं नीट कळतही नाहीत. दुसऱ्या कोणी डबिंग केलं असतं किंवा डायलॉग कापले असते. ब्राउनिंगने तो आवाज तसाच ठेवला आणि त्या आवाजात प्रेम, मत्सर, अपमान सगळं बोलायला लावलं. मोठी माणसं मला हसतात, मी पण पुरुषच आहे हे त्यांना कळत नाही, अशा अर्थाचं हान्स बोलतो ना, ते त्याच आवाजात ऐकायला लागतं, त्याशिवाय ते पोचणारच नाही.

हान्स आणि क्लिओपात्राच्या लग्नाच्या जेवणाचा सीन तर मी किती वेळा बघितलाय. सुरू होण्याआधी पडद्यावर पाटी येते, मूकपटात यायची तशी, म्हणजे दिग्दर्शकाचा एक पाय अजून जुन्या काळातच आहे. लांब टेबल, सगळे बसलेत, एक बुटका गडी टेबलावर चढून मोठा प्याला घेऊन एकेकाकडे जातोय, प्रत्येकजण घोट घेतोय आणि सगळे एका तालात म्हणतायत की आम्ही हिला आपल्यात घेतोय, ही आता आमच्यातली. आवाज वाढत जातो. प्याला क्लिओपात्रापर्यंत येतो आणि तिच्या चेहऱ्यावर किळस उमटते, ती ओरडते, वाइन त्याच्या अंगावर फेकते. ताल तुटतो. त्यानंतरची जी शांतता आहे ती मूकपटात शक्यच नव्हती, कारण शांतता ऐकू यायला आधी आवाज लागतो. या सीनमध्ये भयानक कोण आहे याबद्दल कोणाच्याच मनात शंका राहत नाही. हॉरर सिनेमाने तोपर्यंत शिकवलेलं होतं की वेडंवाकडं शरीर म्हणजे धोका. इथे सगळ्यात देखणी बाई धोका आहे.

आणि मग शेवट. इथे माझं ब्राउनिंगशी भांडण आहे. वादळ, विजा, चिखल, सर्कशीच्या गाड्या उलटतायत आणि हीच सगळी माणसं गाड्यांखालून सरपटत येतायत, रँडियन दातांत सुरी धरून चिखलातून पुढे सरकतोय. ज्या तोंडाने सिगरेट पेटवली होती त्याच तोंडात सुरी. बोलणं जवळपास बंद, सगळं मूक हॉररचं जुनं व्याकरण, विजेच्या उजेडात दिसलं न दिसलं. कारागिरी म्हणून जबरदस्त आहे, मी नाकारत नाही. पण तासभर ज्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा होता त्यांनाच आता जमिनीवरून येणारी भीती करून टाकलंय. बरेच जण म्हणतात की हा न्याय आहे, अपमानाचा बदला आहे, त्यांच्या बाजूने आहे. मला नाही पटत. बदला दाखवायलाही हरकत नव्हती, पण त्यासाठी त्यांची शरीरंच शस्त्रासारखी वापरायची गरज नव्हती, आणि ती वापरल्यावर तंबूबाहेर तिकीट फाडणाऱ्यात आणि दिग्दर्शकात त्या दहा मिनिटांपुरता फरक उरत नाही.

काम केलेल्यांमध्येही याबद्दल एकमत नव्हतं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जॉनी एक त्या दिवसांबद्दल आणि ब्राउनिंगबद्दल आयुष्यभर प्रेमाने बोलला, तर दाढीवाल्या बाईचं काम करणारी ओल्गा रॉडरिक नंतर त्या सिनेमावर चांगलीच चिडलेली होती. अपंग माणसं म्हणजे एका सुरात बोलणारा समाज नाही, त्यांच्यातही आवडी आहेत, राग आहेत. पण रागवायचा हक्क ओल्गाला मिळाला कारण ती पडद्यावर होती. डेस्म्यूकने कशावर रागवायचं होतं?

स्टुडिओने काय केलं तेही ऐका. शूटिंग चालू असताना एमजीएमच्या कॅन्टीनमध्ये हे लोक जेवायला बसले तर बाकीच्यांना जेवण जाईना, तशी तक्रार झाली, आणि बहुतेकांची पंगत बाहेर वेगळी मांडली. हिल्टन बहिणी आणि अर्ल्स मंडळींना तेवढी आत परवानगी. (वेगळी पंगत म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये.) ज्या सिनेमात टेबलावर प्याला फिरवून 'ही आमच्यातली' म्हणणारा सीन आहे त्याच सिनेमाच्या सेटवर हे चाललं होतं. मग ट्रायल शोला प्रेक्षक घाबरले, भडकले, स्टुडिओने साधारण दीड तासाचा सिनेमा कापून ६४ मिनिटांवर आणला, कापलेला भाग परत कधी मिळाला नाही. ब्रिटनमध्ये तो तीसेक वर्षं बंदच होता. ब्राउनिंगला त्यानंतर जेमतेम चार सिनेमे मिळाले, शेवटचा १९३९ ला. १९६२ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात 'फ्रीक्स' दाखवला आणि लोकांनी तो नव्याने बघायला सुरुवात केली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्राउनिंग गेला.

आता आपल्याकडे या. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या निपुण मल्होत्रा यांच्या केसमध्ये सिनेमात अपंगत्व कसं दाखवावं याबद्दल मार्गदर्शक गोष्टी सांगितल्या. हिणवणारे शब्द नकोत, अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा आणि अपंगाला खाली पाडणारा विनोद वेगळा, आणि आमच्याबद्दलचं काही आमच्याशिवाय नको हे तत्त्व. चांगलं झालं. ज्या सिनेमावरून केस होती त्यावर कारवाई केली नाही तेही मला बरोबर वाटतं, कारण मला बंदी नकोच आहे, बंदीने काय होतं ते 'फ्रीक्स' ने तीस वर्षं भोगलंय. पण 'आमच्याशिवाय नको' याचा अर्थ इंडस्ट्री काय लावणार याची मला धास्ती आहे. एक सल्लागार नेमायचा, त्याने स्टारला चालायला शिकवायचं. झालं, आम्ही सामील करून घेतलं! पुन्हा डेस्म्यूकच.

मला हवंय ते साधं आहे. अपंग पात्र असेल तर ऑडिशनची जाहिरात आधी अपंग कलाकारांपर्यंत जावी, आणि जागा अशी निवडावी की त्यांना तिथे पोचता येईल, दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेली नाही. त्यांना इतर भूमिकांच्या ऑडिशनलाही बोलवावं. एकांकिका स्पर्धांनी नियमावलीत स्टेजचा रॅम्प घालावा, कारण मराठीत नट तिथे घडतात, तिथेच दार बंद असेल तर पुढे 'कलाकारच मिळत नाहीत' हे रडगाणं कायम राहणार. आणि दिग्दर्शकांनी कॅमेरा लावण्याआधी रँडियनचा तो सीन बघावा, किती वेळ थांबायचं ते कळायला. मागे व्हायोलिन नको, पुढे टाळ्या नकोत, तो काय करतोय ते पूर्ण होऊ दे.

'द अननोन' ची चांगली प्रिंट आता बघायला मिळते. कितीतरी वर्षं तुटकी आवृत्तीच फिरत होती, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमन म्युझियमने हरवलेली दहाएक मिनिटं परत जोडली. मी मागच्या महिन्यात ती लावली तेव्हा त्या मित्राला घरी बोलावलं होतं. सिगरेटचा सीन आला आणि मी सवयीने चेनीचा चेहरा बघत होतो. तो म्हणाला, 'थांब, मागे घे, परत लाव'. परत लावला. तो पडद्याच्या खालच्या भागाकडे बोट दाखवून म्हणाला, 'अंगठा बघ त्याचा, सिगरेट कशी सैल धरलीय. नवीन शिकलेला माणूस इतकी सैल नाही धरणार'.